आतलीला मराठी येत नाही

१

दिगंबर नवाथ्यांचा दिवस ठरलेला असे आणि तो कोणी मोडलेला त्यांना खपत नसे. सहाला उठायचं, वरच्या मजल्यावर पूजा, आठला उपमा, आणि नऊच्या ठोक्याला जिना उतरून गल्लीकडच्या खोलीत कामाला बसायचं. वर देव आणि खाली कातडी. जिन्याच्या तळाशी एक बादली आणि साबण ठेवलेला असे. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय त्यांच्या पत्नी शैलाबाई त्यांना चहा देत नसत. त्या जाऊन चार वर्षं झाली होती, पण बादली जागची हलली नव्हती आणि दिगंबररावांचं हात धुणंही सुटलं नव्हतं.

नवाथ्यांचं बिऱ्हाड कोलकात्यात तीन पिढ्यांचं. दिगंबररावांनी उभी हयात कॉलेजात चामड्याचं तंत्र शिकवण्यात घालवली. पुण्याचे चुलतभाऊ लग्नकार्यात भेटले की हात मिळवून झाल्यावर हळूच स्वतःचा हात हुंगून बघत. दिगंबररावांना त्याची गंमत वाटे. निवृत्तीनंतर त्यांनी भवानीपूरच्या या खोलीत जुन्या चामडी ट्रंका आणि बॅगा दुरुस्तीला घ्यायला सुरुवात केली, आणि बघता बघता बालीगंज-अलीपूरचे हौशी संग्राहक दारात गाड्या लावू लागले. त्यांच्या कामाचा नियम साधा होता: जुन्याला नवं करायचं नाही. डाग, ओरखडे, घासलेले कोपरे सगळं राहू द्यायचं. कातडं तेल पाजून मऊ करायचं, निसटलेले टाके घालायचे, बस.

दुसरा नियम घराचा. उंबऱ्याच्या आत मराठी. बाहेर काय वाटेल ते बोला, घरात बंगाली शब्द कानावर आला की दिगंबरराव बहिरे होत. मुलगी वैदेही लहान होती तेव्हा नुसतं बहिरं होण्यावर भागत नसे. तेव्हा भिंतीला एक चामडी पट्टा टांगलेला असे. "म्हणून तर तुला आज इतकं चांगलं मराठी येतं," असं ते तिला अजूनही ऐकवत. तिने लग्न मात्र अरुण दत्तशी केलं आणि न्यू टाउनला संसार थाटला, आणि त्या घरात आता बंगालीशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

त्या दोघांची मुलगी ईशा, आठ वर्षांची. आईबाप दोघंही सेक्टर फाइव्हच्या ऑफिसांत, म्हणून शाळेची गाडी तिला तीन वाजता आजोबांकडे सोडी आणि सहाच्या सुमाराला वैदेही घेऊन जाई. त्या तीन तासांवर दिगंबरराव जगत होते, हे त्यांनाही ठाऊक होतं. नातीला मराठी शब्द भरपूर येत. फक्त कोणती वस्तू 'तो' आणि कोणती 'ती', हे काही केल्या डोक्यात शिरत नसे. बंगालीत ती भानगडच नाही. "आजोबा, माझा पेन्सिल तुटला," ती म्हणे. "माझी पेन्सिल तुटली," आजोबा म्हणत, आणि ती बरोबर म्हणेपर्यंत नवी पेन्सिल देत नसत.

२

दुर्गापूजेला तीन आठवडे उरले असताना, एका सोमवारी सकाळी, दिलीपबाबू नावाच्या संग्राहकाने दोन ट्रंका आणून टाकल्या. बराकपूरच्या एका बंगल्यातून निघालेली जोडी. एकच कातडं, एकच पितळ. मोठीला पितळी कुलूप आणि वरून तीन जाड पट्टे, बकलं, छोटीला नुसती कडी. "नवाथेबाबू, पूजेच्या आधी झालं पाहिजे," एवढं सांगून गृहस्थ गेले. जाताना ते छोटीला हात लावून गेले, मोठीला नाही. पण हे दिगंबररावांना नंतर आठवलं.

काम हातात घेतलं की आधी मापं. छोटी सरळ होती. मोठीची बाहेरून उंची पंधरा इंच. मग त्यांनी झाकण उघडून आत टेप सोडली. तळाच्या फळीची जाडी वजा जाता चौदा यायला हवेत. आले साडेसोळा.

त्यांनी टेप झटकली, टोकाचा आकडा तपासला आणि पुन्हा मोजलं. साडेसोळा. म्हाताऱ्या डोळ्यांना दोष देऊन त्यांनी स्टीलची पट्टी आणली. ती तळाला टेकवायला वाकले, तेव्हा त्यांचं डोकं झाकणाच्या आत गेलं. आतून जुन्या तेलाचा आणि ओल्या केसांचा वास आला, आणि कानाशी कोणीतरी म्हणालं,

"खोल."

"आहे खरी," दिगंबरराव सहज म्हणाले आणि पट्टीवरचा आकडा वाचला. सतरा.

आपण उत्तर कोणाला दिलं, हे सरळ उभं राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. खोलीत कोणी नव्हतं. सकाळचे साडेदहा वाजले होते, ईशा शाळेत होती. गल्लीत पूजेच्या मांडवाचे बांबू ठोकायचं काम चाललं होतं आणि कामकरी एकमेकांना ओरडून काहीबाही सांगत होते. त्यातलाच एखादा शब्द आत आला असणार. एकटा माणूस कामात गढला की मनातलंही कानाने ऐकतो. त्यांनी वहीत 'खोली १४' असं लिहिलं, कारण तेच बरोबर होतं, आणि झाकण लावून टाकलं. तरी दुपारी जेवताना त्यांचा घास दोनदा हातात राहिला.

३

मंगळवारी ईशा खाली येऊन मोठ्या ट्रंकेपाशी बसली. आजोबा मेणदोरा ओढत छोटीच्या कोपऱ्याला टाके घालत होते. तिने झाकणाला कान लावला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "आजोबा, आत एक मुलगी आहे. त्याला मराठी येत नाही."

"तिला," दिगंबरराव म्हणाले. "मुलगी ती. तिला मराठी येत नाही."

"तिला मराठी येत नाही," ईशा शहाण्यासारखी म्हणाली.

दुसऱ्या कोणाच्या घरात नातीने असं काही सांगितलं असतं तर आजोबांच्या हातातली सुई खाली पडली असती. इथे व्याकरण सुधारलं गेलं आणि विषय मिटला. वर दिगंबररावांना गंमत सुचली. "मग तूच शिकव तिला," ते म्हणाले. "या घरात राहायचं तर मराठी आलंच पाहिजे."

ते चहा करायला वर गेले. परत येताना जिन्यातच थांबले, कारण खालून शिकवणीचा आवाज येत होता. ईशा बाईंच्या सुरात सांगत होती, "आजोबा, उघडा. असं म्हणायचं. म्हण, उघडा." मग थोडं थांबून, जरा जड जिभेने, "उघ-डा." मग पुन्हा, स्वच्छ, "उघडा." पोरगी दोन्ही पात्रं आपणच करतेय, असं त्यांना वाटलं. आवाज दोन्ही वेळा तिचाच होता. शैला असती तर तिला हे ऐकायला बोलावलं असतं, असं मनात आलं, आणि चहा निवेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

४

कातडं खोटं बोलत नाही, असं ते विद्यार्थ्यांना सांगत. जुना ओरखडा काळा पडतो. ताजा फिकट असतो, त्याच्या कडांना बारीक लव असते.

बुधवारी त्यांनी मोठीच्या झाकणाचं आतलं अस्तर सोडवलं आणि खाली सगळीकडे ओरखडे दिसले. चार-चारच्या रांगेत, वरून खाली, खोल रुतलेले. काही काळे होते. ते काय, शंभर वर्षांत उंदीर असतील, किल्ल्यांचे जुडगे असतील. पण कडेचे ओरखडे फिकट होते, आणि एकात नखाचा तुकडा अडकला होता. तो त्यांनी चिमट्याने काढला. बोटाच्या पेराएवढाही नव्हता तो, आणि मुळाशी अजून ओला होता.

माणसाची बुद्धी अडली की ती जवळात जवळ असलेल्याला धरते. तीन वाजता ईशा आली तेव्हा त्यांनी तिचा हात धरून तिला झाकणापुढे उभं केलं. भोकं पाडायची आरी घेऊन हे तू केलंस का, असं विचारलं. तिची नखं शाबूत होती. ती त्यांनी पाहिली आणि तरी पाहिली नाहीत. पोर घाबरली, आणि घाबरल्यावर तिच्या तोंडातून जे यायचं तेच आलं.

"आमि कोरिनि, दादू. आमि कोरिनि."

मी नाही केलं, आजोबा. त्यांना अर्थ कळत नव्हता असं थोडंच आहे. पण कान बहिरे झाले आणि हात जागे झाले. बाकावर नव्या पट्ट्याचा तुकडा पडला होता. तिच्या तळहातावर त्यांनी तो दोनदा ओढला. तिसऱ्यांदा उचललेला हात त्यांचा त्यांनाच दिसला तेव्हा ते थांबले. ईशा रडत नव्हती. ती मोठ्या ट्रंकेकडे बघत होती, आणि ट्रंकेच्या आत, बांबूंच्या ठोकाठोकीच्या तालात नव्हे तर त्या पट्ट्याच्याच तालात, दोन ठोके वाजले. मग उशिराने तिसरा.

सहाला वैदेही आली. तिने मुलीचा हात उलटा करून पाहिला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, माझ्या वेळी आई होती मध्ये पडायला. पुन्हा हिच्यावर हात उचललात तर मी तुम्हाला हिचं तोंड दिसू देणार नाही."

दिगंबररावांनी माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा मागितली, त्यामुळे ती नीट जमली नाही.

५

गुरुवारी ईशा आली नाही. तीन वाजले, शाळेची गाडी गल्लीच्या तोंडावरून पुढे निघून गेली. घर ओस पडलं. एवढीशी पोर, पण ती नसली की या दोन मजल्यांत आपण नुसते वस्तूंसारखे पडून आहोत, हे त्यांना कळलं. आता ती परत कधीच आली नाही तर, ही भीती घेऊन ते खाली जाऊन बसले.

मोठ्या ट्रंकेचं झाकण त्यांनी सकाळपासून उघडलं नव्हतं. ती बोलली तेव्हा ते तिच्यापासून चार हातांवर होते.

"खोल," ती म्हणाली. आणि मग लांबवून, हुंदका दिल्यासारखं, "खोल ना."

त्या 'ना'ने घात केला. सोमवारपासून ते या शब्दाचा मराठी अर्थ घेऊन बसले होते. विहीर खोल, जखम खोल, पेटी खोल. कोलकात्यात अडुसष्ट वर्षं काढलेल्या माणसाला बंगालीतला 'खोल' कळू नये? उघड. ती चार दिवस उघड म्हणत होती, आणि ते तिला हो म्हणत होते.

त्यांना वैदेहीचा सातव्या वर्षीचा आवाज आठवला. बंगालीत उलट उत्तर दिलं म्हणून तिला त्यांनी न्हाणीघरात कोंडलं होतं. "खोलो बाबा, खोलो," ती दार बडवत होती आणि ते बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मराठीत सांग, उघडतो, एवढंच ते मधून मधून म्हणत. सव्वा तासाने आतून "उघडा" असं आलं तेव्हा आपण जिंकलो असं त्यांना वाटलं होतं. तिचे हात रक्ताळलेले होते.

उघडून काय करायचं होतं, हे दिगंबररावांना ठाऊक नव्हतं. बंद करणं तेवढं ठाऊक होतं. ते उठले, तिन्ही पट्टे बकलांत घालून शेवटच्या भोकापर्यंत आवळले. तिसरा आवळताना आतून धडक बसली. झाकण दोन बोटं वर उचललं गेलं, पट्टा कडकन ताणला आणि बकल त्यांच्या अंगठ्यावर आलं. नख मुळापासून उपसलं गेलं. दुसऱ्या धडकेला अंगठ्याचं हाड वाजलं. ते गुडघ्यांवर आले, सगळ्या अंगाचा भार झाकणावर टाकून पडून राहिले, आणि त्यांच्या छातीखाली कातडं फुगत राहिलं, बसत राहिलं. बाहेर बांबू ठोकत होते. त्यांचं ओरडणं कोणाला ऐकू गेलं नाही.

शांत झाल्यावर त्यांनी अंगठ्याला फडकं बांधलं, खोलीला बाहेरून कडी घातली आणि दिलीपबाबूंना फोन केला. मोठी ट्रंक आजच्या आज घेऊन जा म्हणाले. दिलीपबाबूंनी कारण विचारलं नाही. शनिवारच्या आधी जमणार नाही म्हणाले.

६

शुक्रवारी दुपारी वैदेहीचा फोन आला. ईशाला सांभाळणारी बाई आली नव्हती, दोघांनाही सुट्टी मिळत नव्हती, दुसरा उपायच नव्हता. "फक्त आजचा दिवस. तिला हात लावायचा नाही." दिगंबररावांनी शैलाबाईंची शपथ घेतली. एका हाताने त्यांनी शिरा केला, बेदाणे जास्त घातले.

ईशा आली, शिरा खाल्ला, आजोबांच्या अंगठ्याला फुंकर घातली. मग ती त्यांच्या खुर्चीला टेकून बसली. आपल्याला माफ केलंय, असं त्यांना वाटलं. खाली जायचं नाही, असं त्यांनी तिला तीनदा बजावलं. मग चार रात्रींची झोप एकदम डोळ्यांवर आली. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नसेल.

जागे झाले तेव्हा खुर्चीला टेकलेलं कोणी नव्हतं.

ते पायऱ्या कशा उतरले, त्यांना आठवत नव्हतं. खालच्या खोलीची कडी निघाली होती. आत उन्हाचा पट्टा जमिनीवर पडला होता, दोन ट्रंका होत्या, आणि मध्ये ईशाची एक चप्पल. मोठीचे तिन्ही पट्टे त्यांनी आवळले होते तसेच, शेवटच्या भोकात. छोटीची कडी मात्र बाहेरून पडलेली होती.

"ईशा," त्यांनी हाक मारली.

दोन्हींतून आवाज आला. दोन्ही आवाज ईशाचे.

मोठीतून आवाज फाटलेला, कोंडलेला आला. "दादू, खोलो. दादू, खोलो ना, दादू."

आणि छोटीतून, अगदी जवळून, "आजोबा, उघडा."

दिगंबरराव मूर्ख नव्हते. त्या घटकेलाही त्यांची बुद्धी नीट चालत होती, आणि हेच सगळ्यात वाईट झालं. मोठीचे पट्टे बाहेरून बंद होते. पोर त्यात जाणार कशी? छोटी साधी पेटी होती, तिच्यात पोर मावत होती आणि तिची कडी आपटून पडणारी होती. मोठीतल्या त्या वस्तूला मराठी येत नाही, हे ईशानेच सांगितलं होतं. आणि ईशा काही झालं तरी आजोबांशी मराठी बोलते. शिवाय, खरं सांगायचं तर, मोठीला हात लावायची त्यांच्यात हिंमत नव्हती.

त्यांनी छोटीची कडी काढली.

ईशा उठून उभी राहिली. घाम नाही, डोळ्यांत पाणी नाही. तिने फ्रॉक खाली ओढला आणि वेणीवरून हात फिरवला. "बरं झालं उघडलंत, आजोबा," ती म्हणाली. "फार कोंदट पेटी आहे ही. माझी वेणी सुटली का हो?"

त्यांनी तिला छातीशी धरलं. काय सुरेख बोलली पोर, एकही चूक नाही. क्षणभर, लाज वाटावी असा एक क्षण, दिगंबर नवाथ्यांना अभिमान वाटला.

तेवढ्यात मोठीतून पुन्हा आवाज आला. आता तो पुष्कळ खालून येत होता, आणि आतली ती धाप टाकत, शब्द शोधून शोधून, आजोबांना आवडेल असं बोलायचा प्रयत्न करत होती.

"आजोबा... पेटी बंद झाला. मी चांगला मुलगी आहे. पेटी उघडलं ना."

७

त्यांनी कातडं कापायची रापी उचलली आणि पहिला पट्टा कापला. दुसरा कापताना रापी निसटून मांडीत घुसली. ती उपसून त्यांनी तिसरा कापला. कुलूप आपोआप लागलं होतं. त्यावर हातोडा घातला, पितळ तुटलं, सोबत कातड्याचा तुकडा उडाला. कॉलेजात ज्यांना त्यांनी जुन्या वस्तूवर ओरखडाही येऊ देऊ नका असं शिकवलं, त्यांनी हे पाहायला हवं होतं. छोटीतून निघालेली मुलगी भिंतीला टेकून शांतपणे बघत होती.

"ती उघडू नका," ती म्हणाली. "तिच्यात काही नाही."

झाकण उचललं तेव्हा आत काळोख होता. तळ दिसला नाही. दिगंबररावांनी झाकण डोक्याने पेललं आणि उजवा हात आत घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. गाल ट्रंकेच्या कडेवर दाबला गेला. जमिनीपासून पंधरा इंच उंचीची पेटी, आणि त्यांची बोटं हवेत लोंबत होती. मग खूप खाली त्यांना एक चेहरा दिसल्यासारखा वाटला, उताणा, नाण्याएवढा, आणि त्या चेहऱ्याखाली अजून कितीतरी चेहरे. त्यांनी डोळे मिटले आणि हात आणखी ताणला. एक लहान, ओला, गरम हात त्यांच्या दोन बोटांना येऊन चिकटला.

"धरलं," ते म्हणाले. "आजोबांनी धरलंय तुला. बोल, तुला काय बोलायचं ते बोल. बंगालीत बोल, बाळा."

"दादू," ती म्हणाली.

डोकं बाहेर घेऊन, झाकण दंडावर पेलून ते ओढू लागले. तेवढ्यात झाकणावर वजन आलं. मुलगी त्यावर चढून बसली होती. आठ वर्षांच्या पोरीचं वजन नव्हतं ते. दाराची चौकटसुद्धा करकरली. "हात काढा, आजोबा," ती वरून म्हणाली, "लागेल तुम्हाला." आणि तिने अंग हापटलं. दंडाचं हाड मोडल्याचा आवाज त्यांना आधी आला, कळ नंतर. तिने पुन्हा हापटलं. त्यांच्या तोंडात रक्त आलं, जीभ चावली गेली होती. मोडलेल्या हाताला जोर नव्हता, पण बोटं अजून त्यांची होती, आणि ती त्यांनी सोडली नाहीत.

सहाला वैदेही आली. तिला काय दिसलं असेल, हे दिगंबररावांना तिच्या चेहऱ्यावर वाचता आलं. फरशीवर रक्त, उघडी रापी, हातोडा, ट्रंकेत हात घालून गुरासारखा ओरडणारा बाप. आणि भिंतीशी अंग चोरून उभी असलेली तिची मुलगी. झाकणावरून ती केव्हा उतरली, कोणी पाहिलं नाही.

"आई," मुलगी म्हणाली, आणि धावत जाऊन तिला बिलगली. "आजोबा मला मारायला आले. मी लपून बसले होते."

वैदेहीने तिला पोटाशी घट्ट धरलं. मग बापाला ओढायला आली. तिच्या हातांत इतका राग साठलेला असेल, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं.

"ओढू नकोस," ते चावलेल्या जिभेने म्हणाले. "ईशा खाली आहे. माझ्या हातात आहे ती. ही तुझी नाही, वैदेही, ही ईशा नाही. हिला बंगालीत विचार. एक शब्द विचार."

वैदेही थांबली. एवढी वर्षं झाली, पण तिचा चेहरा क्षणात सात वर्षांच्या मुलीचा झाला. "आज तुम्ही मला सांगताय," ती म्हणाली. "बंगालीत बोल म्हणून. तुम्ही." तरीही ती मुलीपुढे बसली, तिचा चेहरा ओंजळीत घेतला आणि मऊ आवाजात म्हणाली, "की होयेछे, मा? आमाके बोल." काय झालं, बाळा, मला सांग.

मुलीने तिच्या ओठांकडे पाहिलं. परक्या गावात रस्ता विचारणाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं. मराठी शिकता शिकता तिची बंगाली पुसून गेली असावी. मग दिगंबररावांकडे एकवार बघितलं आणि आईच्या कुशीत तोंड लपवलं.

"बघा," वैदेही म्हणाली, आणि आता ती रडत होती. "बघा काय केलंत. तुमच्यासमोर पोरीच्या तोंडून तिच्या बापाची भाषा फुटत नाही."

तिने झाकण पायाने वर रेटलं, आत पाहिलंही नाही, आणि दोन्ही हातांनी बापाला खांद्याला धरून मागे खेचलं. मोडलेला हात फिरला, त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि त्यांच्या दोन बोटांवरची पकड आधी घट्ट झाली, मग एकेक बोट करून सुटली. झाकण पडलं. खालून काही ऐकू आलं की नाही, ते त्यांच्या स्वतःच्या किंचाळण्यात कळलं नाही.

ते फरशीवर पडून राहिले. वैदेहीने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, मग अरुणला केला, अगदी शांतपणे सगळं सांगितलं. खोलीतली एकुलती एक खुर्ची रक्ताने भरली होती. तेव्हा ती मोठ्या ट्रंकेवरच बसली. मुलीला तिने मांडीवर घेतलं, आणि फरशीवरून म्हातारा जे काही सांगत होता, पुन्हा पुन्हा सांगत होता, ते लेकराच्या कानावर पडू नये म्हणून दोन्ही हातांनी तिचे कान झाकून धरले.